बिलाच्या पोटातला माल शोधता आला पाहिजे

या आठवड्याचा व्हिडिओ ऑर्डर आणि बिलिंगचं ॲप बनवून घेण्याबद्दल होता. त्यात एक मुद्दा मी दोन मिनिटांत उरकला, कारण व्हिडिओत वेळ कमी असतो आणि तो मुद्दा थोडा कोरडा आहे. पण माझ्या मते ॲपवर पैसे घालणाऱ्या छोट्या उद्योजकाला नेमका तोच सगळ्यात महाग पडतो. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

ॲप बनवणारा तुम्हाला काय दाखवतो? स्क्रीन. लोगो छान बसलाय, बटणं मोठी आहेत, बिल पीडीएफ होऊन व्हॉट्सॲपवर जातंय. आपण खूश. पण आपला माल त्या ॲपच्या आत कुठे आणि कसा नोंदवला जातोय, हे कुणी विचारत नाही. कमी खर्चात आणि पटकन तयार होणारी बरीच ॲप्स आज फायरस्टोअर किंवा मोंगोडीबी अशा नोएसक्यूएल डेटाबेसवर बनतात. त्यात एक बिल म्हणजे एक डॉक्युमेंट. वर बिल नंबर, तारीख, ग्राहकाचं नाव, आणि त्याच डॉक्युमेंटच्या पोटात मालाची यादी: भाजणी १ पाकीट, पापड १२ पाकिटं, बेदाणे २ पाकिटं. या पोटातल्या यादीला ते लोक नेस्टेड लिस्ट किंवा ॲरे म्हणतात.

दिसायला हे अगदी बरोबर वाटतं. कागदाचं बिल असंच तर असतं! म्हणूनच कुणाला शंका येत नाही.

माझं मत असं आहे की धंद्याचं बिल फक्त या पद्धतीने ठेवू नये. बिलाच्या पोटात यादी ठेवायची तर ठेवा, पण प्रत्येक वस्तूच्या ओळीची स्वतंत्र नोंदसुद्धा हवी. कारण ग्राहकाला बिल हवं असतं. मालकाला बिल नको असतं हो, मालकाला मालाचा हिशोब हवा असतो. दिवाळीत भाजणी किती गेली? कोणत्या पापडाला मागणी नाही? बेदाणे घेणारे पुन्हा येतात का? यातला एकही प्रश्न बिलाबद्दल नाही, सगळे बिलातल्या ओळींबद्दल आहेत. आणि त्या ओळी तर पोटात बंद.

दिवाणजींना हे माहीत होतं

बीबीएच्या पहिल्या वर्षी जर्नल आणि लेजर शिकताना मला प्रश्न पडायचा की एकच व्यवहार दोनदा कशाला लिहायचा. जुन्या पेढीवरचे दिवाणजी हेच करायचे. आधी किर्द, मग खतावणी. किर्दीत व्यवहार तारखेप्रमाणे यायचे, खतावणीत खात्याप्रमाणे. कारण प्रश्न दोन प्रकारचे होते. ‘काल काय काय झालं’ हे किर्द सांगायची आणि ‘अमक्याकडून किती येणं आहे’ हे खतावणी. फक्त किर्द असती तर एका गिऱ्हाइकाची बाकी काढायला वर्षभराची वही चाळावी लागली असती.

पोटात यादी असलेलं बिल म्हणजे नुसती किर्द. खतावणी लिहिलीच नाही.

संगणकाच्या जगातही हा प्रश्न नवा नाही. आयबीएममधले एडगर कॉड यांनी १९७० साली जो निबंध लिहिला, ज्यातून पुढे टेबलवाले डेटाबेस आले, त्यात त्यांनी कर्मचाऱ्याचं उदाहरण घेतलं होतं. कर्मचाऱ्याच्या नोंदीच्या पोटात नोकऱ्यांचा इतिहास, त्याच्या पोटात पगाराचा इतिहास, शिवाय मुलांची यादी. आणि हे पोटातलं बाहेर काढून वेगवेगळी सरळ टेबलं कशी करायची, ते त्यांनी दाखवलं. मोंगोडीबी २००९ मध्ये आलं तेव्हा यादी पुन्हा पोटात गेली, कारण वेबसाइटला एक अख्खं पान एका दमात वाचायला ते सोयीचं होतं. त्यात चूक काही नाही. फक्त आपण वेबसाइटचं पान चालवत नाही, दुकान चालवतो.

प्रश्न विचारला की काय होतं

आता खरा भाग. आपल्याकडे दोन बिलं आहेत असं समजा. बिल ४१२ मध्ये भाजणी १, पापड १२, बेदाणे २. बिल ४१३ मध्ये भाजणी १५, लोणचं ३. तुम्हाला भाजणी घाऊक घेणाऱ्यांना ऑफर पाठवायची आहे, म्हणून प्रश्न आहे: ‘भाजणी १० किंवा जास्त कुणी घेतली?’ उत्तर उघड आहे, फक्त ४१३.

मोंगोडीबीत घाईत लिहिलेली क्वेरी अशी असते: वस्तूंच्या यादीत नाव भाजणी असावं, आणि वस्तूंच्या यादीत नग १० किंवा जास्त असावेत. वाचायला ठीक वाटतं ना? पण डेटाबेस या दोन अटी सुट्या सुट्या तपासतो. ४१२ मध्ये भाजणी आहे का, आहे. ४१२ मध्ये १० पेक्षा जास्त नग कशाचे तरी आहेत का, आहेत, पापडाचे. झालं, ४१२ पण यादीत! एकच पाकीट भाजणी नेणाऱ्या माणसाला तुमची घाऊक सवलत गेली. दोन्ही अटी *एकाच ओळीला* लागू व्हाव्यात असं सांगायला मोंगोडीबीत एलेममॅच नावाचा वेगळा शब्द आहे. तो वापरला की फक्त ४१३ येतं. डेव्हलपर नवीन असेल तर हा शब्द राहून जातो. ॲप काही एरर दाखवत नाही. उत्तर येतं, आकडा येतो, फक्त चुकीचा.

पुढचा प्रश्न: ‘एकूण भाजणी किती गेली?’ इथे एलेममॅच पुरत नाही, कारण तो बिल शोधून देतो, आणि बिलासोबत पापड, लोणचं सगळं येतं. बेरीज करायला आधी यादी उलगडावी लागते. त्याला अनवाइंड म्हणतात, म्हणजे तीन वस्तूंच्या एका बिलाच्या तीन ओळी होतात. उलगडल्यावर पुन्हा भाजणीची अट लावायची, मग बेरीज. मधली अट विसरली तर? आपल्या दोन बिलांत भाजणी १६ आहे, पण बेरीज येईल ३३, कारण भाजणी असलेल्या बिलांतला सगळाच माल मोजला जाईल. ३३ पाकिटांच्या हिशोबाने तुम्ही पुढच्या महिन्याची डाळ-तांदूळ खरेदी केली की दुप्पट माल अंगावर. फराळाच्या धंद्यात हे परवडत नाही, भाजणी काही सोनं नाही की ठेवलं तर वाढेल.

एक लक्षात घ्या, मोंगोडीबीत हे *करता येतं*. योग्य शब्द वापरले, पोटातल्या फील्डवर इंडेक्स लावला, तर उत्तर बरोबर आणि वेगातही येतं. म्हणजे डेटाबेस वाईट नाही. प्रत्येक प्रश्नासाठी जाणकार माणूस लागतो, एवढंच. ज्याच्या दुकानात पगारी डेव्हलपर बसलेला नाही त्याच्यासाठी हे ‘एवढंच’ पुष्कळ झालं.

फायरस्टोअरचं गणित वेगळं आहे आणि आपल्या छोट्या उद्योजकांकडे तेच जास्त दिसतं, म्हणून त्यावर जरा थांबते. फायरस्टोअरच्या नेहमीच्या स्टँडर्ड आवृत्तीत पोटातल्या यादीला विचारायला ॲरे-कंटेन्स नावाची सोय आहे. ती विचारते: या यादीत ही गोष्ट जशीच्या तशी आहे का? जशीच्या तशी, हा शब्द महत्त्वाचा. यादीत नुसती नावं असतील तर काम होतं. पण आपल्या यादीतली प्रत्येक ओळ म्हणजे नाव, नग, दर, बॅच असा गठ्ठा असतो. मग ‘भाजणी आहे का’ असं विचारता येत नाही. ‘भाजणी, १ नग, १४० रुपये, बॅच ७’ असा पूर्ण गठ्ठा द्यावा लागतो. त्यातला एक आकडा वेगळा असला की ते बिल सापडत नाही.

आता बॅचचा विषय निघालाच आहे तर हे वाचाच.

समजा बॅच ७ च्या भाजणीबद्दल तक्रार आली. वास येतोय, किंवा दळताना काहीतरी गडबड झाली. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ च्या कलम २८ प्रमाणे, आपण बनवलेला किंवा वितरित केलेला माल नियमात बसत नाही असं वाटण्याला कारण असेल तर तो परत घेण्याची कार्यवाही लगेच सुरू करायची असते. कायदा बाजूला ठेवा, आपल्या गिऱ्हाइकाच्या घरात लहान मुलं ते थालीपीठ खाणार आहेत. तुम्हाला एका तासात यादी हवी: बॅच ७ ची भाजणी कुणाकुणाकडे गेली. डेव्हलपरने घाईत एक पाकीटवाला गठ्ठा देऊन शोध घेतला तर एक पाकीट नेणारे सगळे सापडतील, आणि दोन पाकिटं नेणारे एकही नाही. म्हणजे ज्यांच्या घरात खराब माल जास्त आहे त्यांनाच फोन जाणार नाही. आणि मोंगोडीबीत वरची सुट्या अटींची चूक झाली तर उलटं होतं. ज्याने बॅच ९ ची भाजणी आणि बॅच ७ ची चटणी नेली, त्यालाही ‘तुमची भाजणी परत द्या’ असा फोन. एक चूक माणसं गाळते, दुसरी चांगल्या मालावर विनाकारण डाग लावते.

माझ्या प्रशिक्षणाला येणाऱ्या एका ताईंच्या ॲपमध्ये आम्ही हा प्रश्न मुद्दाम, तक्रार नसताना, विचारून बघितला होता. मसाल्याचा घरगुती धंदा, महिन्याला बरीच बिलं. ॲप बनवणाऱ्याचं उत्तर आलं, ‘सगळी बिलं डाउनलोड करून एक्सेलमध्ये शोधा.’ ताई म्हणाल्या, मग मी ॲपचे पैसे कशाचे दिले? मला वाटतं, त्यांचा प्रश्न रास्त होता.

पैशाचा भाग

फायरस्टोअर डॉक्युमेंट वाचण्याचे पैसे घेतं. दिवसाला ५०,००० वाचनं फुकट आहेत. ऐकायला खूप वाटतात. हिशोब करू. दिवसाला ८० बिलं, वर्षात ३०० दिवस दुकान उघडं, म्हणजे २४,००० बिलं. माल पोटात असल्यामुळे डेटाबेस आतल्या नगांची बेरीज करून देत नाही, म्हणून ‘वर्षभरात भाजणी किती गेली’ या एका प्रश्नाला ॲप २४,००० बिलं उघडतं. तुम्ही सकाळी रिपोर्ट बघितला, दुपारी घरच्यांनी बघितला, संध्याकाळी पुन्हा तुम्ही. ७२,००० झाले. फुकटचा प्लॅन असेल तर त्या दिवशी ॲप वाचायचं थांबतं, ऐन संध्याकाळच्या गर्दीत. पैसे भरायचा प्लॅन असेल तर मीटर फिरतं. रक्कम सुरुवातीला फार मोठी नसते, हे मान्य. पण एका वस्तूच्या बेरजेसाठी अख्खं वर्ष उघडणं हा हिशोबच मला पटत नाही, रक्कम कितीही असो.

ओळी वेगळ्या ठेवल्या तर? एका बिलात सरासरी ६ वस्तू धरल्या तर १,४४,००० ओळी होतील. आकडा मोठा दिसतो, पण ‘भाजणी’ या प्रश्नाला फक्त भाजणीच्या ओळी लागतात. शिवाय फायरस्टोअरमध्ये आता मोजणी, बेरीज आणि सरासरी सर्व्हरवरच करता येते, आणि तिथे इंडेक्समधल्या १,००० नोंदींमागे एक वाचन लागतं. भाजणीच्या ३,००० ओळी असतील तर ३,००० नाही, साधारण ३ वाचनं. २४,००० कुठे आणि ३ कुठे!

याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते, तेही सांगते. ओळी वेगळ्या केल्या की एक बिल नोंदवताना एकाऐवजी सात नोंदी लिहाव्या लागतात, आणि लिहिण्यालाही मर्यादा आहे, दिवसाला २०,००० फुकट. ८० बिलं गुणिले ७ म्हणजे ५६०. आपल्यासारख्यांना त्याचा काही त्रास नाही. मात्र त्या सात नोंदी एकत्र झाल्या पाहिजेत किंवा एकही नाही. बिल नोंदलं आणि दोन ओळी राहिल्या असं चालणार नाही. त्यासाठी ट्रान्झॅक्शन किंवा बॅच रायटची सोय आहे, डेव्हलपरला सांगून ठेवा.

मधला मार्गही आहे. काही डेव्हलपर बिलातच दुसरी एक साधी यादी ठेवतात, ज्यात फक्त वस्तूंचे कोड असतात. मग ॲरे-कंटेन्स चालतं आणि भाजणी असलेली बिलं लगेच मिळतात. चांगली युक्ती आहे, जुन्या ॲपला तात्पुरती लावायला मी स्वतः सुचवते. पण नगांची बेरीज तरीही ॲपलाच करावी लागते. आणि ‘भाजणी आणि लोणचं दोन्ही एकत्र कोण घेतं’ असं थेट विचारता येत नाही, कारण एका क्वेरीत असे दोन ॲरे-कंटेन्स ‘आणि’ने जोडता येत नाहीत. ‘यापैकी काहीतरी’ विचारता येतं. कॉम्बो पॅक बनवायचा तर आपल्याला ‘दोन्ही’ हवं असतं, ‘काहीतरी’ नाही.

उधारीची यादी तर मुळीच नको

बिलाची यादी निदान एकदा लिहिली की संपते. उधारीचं तसं नसतं. काही ॲप्समध्ये ग्राहकाच्या डॉक्युमेंटच्या पोटातच त्याची सगळी उधारी-जमा यादी ठेवलेली असते. वर्ष गेलं, दोन वर्षं गेली, यादी वाढतेच आहे. फायरस्टोअरच्या एका डॉक्युमेंटला १ एमआयबीची मर्यादा आहे, मोंगोडीबीत १६ एमबी, ॲमेझॉनच्या डायनॅमोडीबीत तर ४०० केबी. मर्यादेला पोचायला वेळ लागेल. पण त्याच्या आधीच ग्राहकाचा नुसता फोन नंबर बघायचा असला तरी त्याची अख्खी खतावणी मोबाइलवर उतरते.

आणि खरी भानगड वेगळीच आहे. फायरस्टोअरमध्ये यादीत भर घालायला ॲरे-युनियन वापरतात. त्याचा नियम असा की तीच गोष्ट आधीच यादीत असेल तर तो पुन्हा घालत नाही. आता बघा: एका गिऱ्हाइकाने सकाळी ५० रुपयांचा माल उधार नेला. दुपारी त्याचा मुलगा आला, त्यानेही ५० रुपयांचा नेला. ॲपमध्ये नोंद फक्त ‘तारीख, उधार, ५०’ अशी असेल तर दोन्ही नोंदी हुबेहूब सारख्या. दुसरी गायब! तक्रार करणार कोण? गिऱ्हाईक तर करणार नाही. आणि उलट बाजूने जमेच्या दोन सारख्या रकमांपैकी एक गायब झाली तर गिऱ्हाईक नक्की करेल, आणि भांडण होईल. ॲरे-युनियन न वापरता अख्खी यादी वाचून, बदलून परत लिहिणारे आहेत, त्यांच्याकडे काउंटरवर दोन माणसं एकाच वेळी नोंद करत असली की नंतर लिहिणाऱ्याची यादी राहते, आधीच्याची नोंद पुसली जाते.

उधारीची प्रत्येक नोंद स्वतंत्र डॉक्युमेंट, तिला स्वतःचा नंबर, स्वतःची वेळ. याबाबतीत मला मधला मार्ग मान्य नाही.

मग यादी पोटात कधी ठेवायची?

जेव्हा ती नेहमी आख्खी वाचली जाते, छोटी असते आणि तिच्यातल्या एकेका ओळीला कुणी प्रश्न विचारत नाही, तेव्हा. ग्राहकाचे दोन-तीन फोन नंबर. वस्तूचे फोटो. ‘उपवासाचे’, ‘बिनतिखट’ असे टॅग, जिथे यादीत नुसते शब्द असतात आणि ॲरे-कंटेन्स मस्त चालतं. आणि छापलेल्या बिलाची प्रत, ती पोटात राहिलेलीच बरी, कारण बिल एकदा दिलं की बदलायचं नसतं.

यावरून एक गोष्ट आठवली. वेगळ्या ओळी करताना काही जण अति हुशारी करतात आणि ओळीत फक्त वस्तूचा कोड ठेवतात, दर आणि जीएसटी वस्तूंच्या मुख्य यादीतून घेतात. तसं करू नका. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, पॅकबंद नमकीन १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलं. मुख्य यादीत दर बदलला की जुन्या सगळ्या बिलांचा करही ५ टक्क्यांनी दिसायला लागेल. ओळीत त्या दिवशीचा दर, त्या दिवशीचा कर आणि एचएसएन कोड, सगळं उतरवून ठेवायचं. रेग्युलर नोंदणी असलेल्यांना जीएसटीआर-१ मध्ये तक्ता १२ भरताना एचएसएनप्रमाणे गोषवारा लागतो, उलाढाल ५ कोटींपर्यंत असेल तर ४ अंकी कोड. तो गोषवारा म्हणजे काय? बिलांच्या पोटातल्या ओळींची बेरीज. ओळी वेगळ्या असतील तर तो एका क्वेरीत निघतो. नसतील तर महिन्याच्या १० तारखेला तुमच्या सीएंचा मुलगा आणि तुम्ही रात्री अकरा वाजता एक्सेल घेऊन बसता.

एक्सेलवरून आठवलं, ‘आमच्याकडे ॲपच नाही’ म्हणून सुटका नाही. एका सेलमध्ये ‘भाजणी १, पापड १२, बेदाणे २’ असं स्वल्पविराम देऊन लिहिणारे निम्मे लोक माझ्या वर्गात असतात. ती पण पोटातली यादीच. पिव्होट टेबल तिच्यापुढे हात टेकतं. एक वस्तू, एक ओळ. बिल नंबर तिन्ही ओळींत पुन्हा आला तरी हरकत नाही.

डेव्हलपरशी काय बोलायचं

कोणता डेटाबेस वापरणार हा प्रश्न पहिला नाही. माझं स्वतःचं मत विचाराल तर बिलिंग आणि साठ्यासाठी पोस्टग्रेससारखा साधा टेबलवाला डेटाबेस बरा, तिथे बिलाचं एक टेबल आणि ओळींचं दुसरं हेच सगळ्यांना शिकवलेलं असतं, त्यामुळे नवखा डेव्हलपरही सहसा घोळ घालत नाही. पण नेट गेल्यावरही मोबाइलवर ॲप चालत राहावं ही गरज असेल तर फायरस्टोअरची ऑफलाइन सोय खरंच कामाची आहे, आमच्याकडे पावसाळ्यात तिची किंमत कळते. तेव्हा त्यावरून वाद घालू नका.

त्याऐवजी कोटेशन घेण्याआधी एक कागद घ्या आणि तुमचा धंदा तुम्हाला जे प्रश्न विचारतो ते लिहा. तुमच्या भाषेत. ‘मागच्या दिवाळीत कोणती वस्तू सगळ्यात जास्त गेली.’ ‘अमुक बॅच कुणाकडे गेली.’ ‘तीन महिने कोण आलं नाही.’ ‘कोणत्या वस्तूवर सूट देऊनही खप वाढला नाही.’ दहा-बारा होतील. हा कागद डेव्हलपरला द्या आणि म्हणा, यातल्या प्रत्येकाचं उत्तर कुठल्या नोंदीतून येणार आणि त्यासाठी किती डॉक्युमेंट्स वाचावी लागणार ते समोर लिहून द्या. जाणकार माणूस खूश होईल, कारण नोएसक्यूएलमध्ये रचना प्रश्नांवरूनच ठरवायची असते आणि गिऱ्हाईक ते प्रश्न कधी सांगत नाही. ‘ते नंतर काढता येईल हो’ असं उत्तर आलं तर ‘नंतर’चे पैसे किती, ते आत्ताच विचारा.

काम ताब्यात घेताना वरची ४१२ आणि ४१३ ची चाचणी स्वतः करा. दोन बिलं भरा, हातावर बेरीज करा, ॲपला विचारा. १६ आलं पाहिजे. ३३ आलं तर शेवटचा हप्ता थांबवा.

ज्यांचं ॲप आधीच पोटातल्या यादीवर चाललंय, त्यांनी घाबरून सगळं बदलायला जाऊ नका. आजपासूनच्या प्रत्येक बिलाच्या ओळी वेगळ्याही लिहायला सुरुवात करा, आणि मागचा फक्त एक महिना स्क्रिप्ट चालवून उलगडून घ्या. मग त्या महिन्याची बिलांची एकूण रक्कम आणि ओळींची एकूण रक्कम शेजारी ठेवा. जुळणार नाही. डिलिव्हरी चार्ज, राउंड ऑफ आणि अख्ख्या बिलावर दिलेली सूट, या गोष्टी कुठल्याच वस्तूच्या ओळीत नसतात. डिलिव्हरी आणि राउंड ऑफला स्वतःची ओळ द्या. सूट ओळींवर वाटायची की वेगळी ओळ करायची, हे तुमच्या सीएंना विचारून ठरवा, आणि रुपया न् रुपया जुळल्यावर बाकीचे महिने हलवा.